पाचव्या तुकड्यातली रिकामी जागा

सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला सगळ्यांनी वाळवणीच्या खोलीत जमायचं, नवा अल्बम ऐकायचाय, असं धाकट्याने फोनवर सांगितलं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला.

"खिडक्या काढून ठेवू का?"

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी लाँड्रीच्या मागच्या गोदामात धाकट्याने त्याचा पहिला मोठा अँप्लिफायर सुरू केला आणि काउंटरवरची काच वरपासून खालपर्यंत तडकली. तेव्हा अण्णा, धाकट्याचे वडील, हयात होते. हातातली इस्त्री तशीच धरून ते गोदामाच्या दारात आले आणि ओरडले, "घरात एक भट्टी आहे, ती पुरत नाही का तुम्हाला?" पोरांना बँडसाठी नाव सापडत नव्हतं. ते असं आयतं मिळालं. पुढे 'भट्टी' हा शब्द कुठकुठल्या भिंतींवर रंगवला गेला, किती दंडांवर गोंदला गेला! अण्णांनी त्याबद्दल शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही. फक्त बँडचे काळे शर्ट धुवायला आले की ते स्वतः वेगळे काढायचे आणि रंग उतरू नये म्हणून उलटे करून मशीनमध्ये टाकायला लावायचे.

"या वेळी काच फुटणार नाही आई," धाकटा म्हणाला. "या वेळी जरा कान टवकारून बसावं लागेल."

ताई शेजारीच उभी होती. 'कान टवकारून' हे शब्द फोनमधून तिच्यापर्यंत आले. म्हणजे आज तो सांगणार होता. निदान सांगेल अशी आशा होती. पाच महिने ती ज्या गोष्टीवर गप्प बसली होती, तिचं तोंड आज उघडणार होतं, आणि त्या तोंडासमोर तिचा नवरा बसलेला असणार होता.

वाळवणीची खोली लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. लांबच लांब, दोन्ही बाजूंनी खिडक्या, छताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. एकदा यंत्रं आली की अशा खोलीची गरज संपते, पण हॉटेलच्या मोठ्या चादरी ताई अजून इथेच शेवटच्या वाऱ्याला टाकायची. धाकट्याच्या सांगण्यावरून तिने सकाळीच बारा ओलसर चादरी तारांवर घातल्या होत्या. आवाज घुमायला नको, असं त्याचं म्हणणं. दुपारी ऊन तिरपं होऊन आत आलं तेव्हा खोलीला भिंती उरल्याच नाहीत. पांढऱ्यामागे पांढरं, त्यामागे आणखी पांढरं. कुणी चादरीआडून चाललं की आधी सावली मोठी व्हायची, मग माणूस बाहेर पडायचं.

आई अशीच बाहेर पडली, हातात स्वतःची खुर्ची घेऊन. मागून आत्या आली, उशांच्या अभ्र्यांचा ढीग पोटाशी धरून. अण्णांची ही बहीण चाळीस वर्षं लाँड्रीचं काउंटर सांभाळत होती आणि हात रिकामे ठेवून बसणं तिला आजारी माणसाचं लक्षण वाटायचं.

"नाव काय रे अल्बमचं?" तिने विचारलं.

"वाफ."

"वाफ?" आत्याने पहिल्या अभ्र्याची घडी घातली. "आम्ही जन्मभर फुकट सोडतोय की ती."

सगळ्यात शेवटी हातोडा आला. हे नाव त्याला बँडने दिलं होतं, आणि ड्रमसमोर बसलेला त्याला एकदा पाहिलं की दुसरं नाव सुचत नसे. घरात मात्र तो आईचा 'जावईबापू' होता आणि ताईचा नवरा. धाकट्याच्या मित्राने धाकट्याच्या बहिणीशी लग्न केलं होतं, त्यामुळे नाती कधी कशीही वळायची. एरवी ते दोघं एकमेकांना घराबाहेरच शोभतील अशा शिवराळ शब्दांत हाक मारत. आज धाकटा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या भावजी. बसा."

हातोड्याने ताईकडे पाहिलं. "हा मला अहोजाहो का करतोय? कुणी गेलं का?"

"बस तू आधी," ताई म्हणाली.

तो जमिनीवर बसला, भिंतीला टेकून. मागच्या खिशातल्या काठ्या टोचल्या म्हणून काढून मांडीवर ठेवल्या. "वाजव चल. मग दौऱ्याचं बोलू. चौदा गावं पक्की झालीत."

धाकटा स्पीकरकडे वळला. त्याने दोन छोटे स्पीकर चादरींच्या मधोमध ठेवले होते. आवाज इतका हळू लावला की आईला खुर्ची पुढे ओढावी लागली.

पहिल्यांदा काही वाजलंच नाही असं वाटलं. मग कळलं की वाजतंय. नायलॉनच्या तारांची गिटार, एकेक स्वर सुटा, पाण्यात पाय घालताना माणूस जसा थांबून थांबून घालतो तसा. खालून कुठून तरी, खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनसारखा, चेलो आला, लांब आणि जाडसर. गाणं नव्हतं, गाणारं कुणी नव्हतं. ज्या बोटांनी लोखंड फाडल्यासारखे आवाज काढून हजारो पोरांना उड्या मारायला लावल्या, तीच बोटं आता कुणाला जाग येऊ नये अशी चालत होती.

ताईने डोळे मिटले नव्हते, तरी मिटल्यासारखं झालं. चादरी किंचित हलत होत्या. तिला वाटलं, खालचा बॉयलर चालू आहे, सकाळ आहे, ती सात वर्षांची आहे आणि वाफेतून अण्णा येताहेत. त्यांचं अंग आधी दिसत नाही, नुसता गरम साबणाचा वास पुढे येतो. मग अण्णा येतात आणि काहीच बोलत नाहीत, नुसते तिच्या हातातलं चादरीचं टोक धरतात. दोघांनी मागे सरायचं, ताणायचं, पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं. मागे, ताण, पुढे. तिला किती वेळ गेला समजलं नाही. आत्याचे हात थांबले होते. मांडीवर अर्धी घडी तशीच होती, आणि आत्या खिडकीकडे बघत होती, जणू बाहेरून तिला कुणी तरी फार जुन्या नावाने हाक मारली होती.

"हा कसला आवाज?" आई एकदम म्हणाली.

"कुठला?"

"मधेमधे येतोय बघ. आता... हा."

धाकटा थोडा लाजला. "मी श्वास घेतोय आई. इतकं हळू वाजवलं की माइकमध्ये सगळंच आलं. शर्टाचं बटण गिटारला लागतं, तेही आलंय."

"तरीच," आई म्हणाली. "मला बाकी काही कळत नाही, पण हा श्वास माझ्या ओळखीचा आहे. झोपेत असाच घ्यायचास. दोन लहान आणि एक मोठा." ती पुन्हा मागे टेकली. "राहू दे तो. काढू नकोस."

दुसरा तुकडा संपला, तिसरा सुरू झाला. ताईचं लक्ष आता नवऱ्याकडे होतं. हातोड्याची बोटं मांडीवर चालू होती. तो ठेका शोधत होता, सापडला की धरत होता, आणि मधेच मान हलवून मनाशी काहीतरी ठरवत होता. पंधरा वर्षांत अशी मान तिने शंभरदा पाहिली होती. तो या तुकड्यात स्वतःची जागा मांडत होता. ते तिला बघवेना.

तिसरा संपताच तो म्हणाला, "मस्त आहे रे. खरंच. वेगळंच काहीतरी. पण ड्रम कधी बसवायचे? माझं सगळं जुळतंय. तिसऱ्याला काठ्यांऐवजी नुसते ब्रश वापरेन, अगदी हलके."

धाकट्याने बटण दाबून संगीत थांबवलं.

"ड्रम नाहीयेत भावजी. यात ड्रम नाहीयेत."

"यात नाहीत, ठीक आहे. आणि बँडचा पुढचा?"

धाकटा ताईकडे बघायला लागला. लहानपणी काच फुटली की तो असाच बघायचा, आणि लहानपणी ती पुढे व्हायची. आज ती जागची हलली नाही. "तूच सांग," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं. उजव्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजते. बारीक आवाज त्या कानाने ऐकूच येत नाहीत, आणि डावाही त्याच वाटेला लागलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दौरा केलास तर पुढे काय ऐकायचं ते आत्ताच ऐकून घे. म्हणून दौरा नाही. म्हणून भट्टी नाही. म्हणून हे.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. सगळे तो आवाज ऐकत बसले.

"कधी कळलं तुला?" हातोड्याने विचारलं.

"पाच महिने झाले."

"आणि ती म्हणाली, तूच सांग." त्याने हळूहळू मान वळवली. "तुला माहीत होतं?"

ताईला ती तपासणीची खोली आठवली. धाकटा काचेपलीकडे हेडफोन लावून बसला होता, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. तंत्रज्ञ बाई खुंटी फिरवत होती, पुढे, आणखी पुढे, आणि धाकटा डोळे मिटून, ओठांवर थोडंसं हसू ठेवून वाट बघत होता. आवाज कधीचा येऊन गेला होता. ते हसू पाहून ताई बाहेर जाऊन रडली होती. आणि परतताना त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं: रेकॉर्डिंग होऊ दे, मग मीच सांगतो.

"होतं," ती म्हणाली. "मी गेले होते त्याच्याबरोबर."

"पाच महिने माझ्या शेजारी झोपत होतीस."

"हो."

"मी चौदा गावं पक्की करत होतो. फोनवर. तुझ्यासमोर."

आत्या मधे पडली. "अरे, पोराच्या कानाचं काय झालंय ते बघ आधी! गावं कुठे पळून जाताहेत?"

आणि तेव्हा आई बोलली. बँडच्या नावाने पंधरा वर्षं कपाळाला हात लावणारी, हातोड्याला सुरुवातीला 'तो बडवणारा' म्हणणारी आई. "थांब गं. जावईबापूंचं चुकत नाहीये काही. धाकट्या, हे तुझ्यामागे पंधरा वर्षं बसले. तू पडलास तर यांनी सगळ्यांत आधी बघितलं असतं. आणि यांनाच शेवटी सांगतोस? तेही पाहुण्यांसारखं बोलावून?"

"वहिनी, त्याला भीती वाटली असेल," आत्या म्हणाली.

"मग ह्यांना वाटत नसेल?"

धाकट्याला आईकडून हे अपेक्षितच नव्हतं. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. हातोडा उठला. "मी खाली आहे," एवढंच म्हणाला आणि चादरींमधून गेला. त्याची सावली एका चादरीवर मोठी झाली, दुसरीवर लहान, आणि मग जिन्यावर पावलं वाजली.

ताई मागोमाग गेली.

तो बॉयलरच्या खोलीत उलट्या टोपलीवर बसला होता. बॉयलर थंड होता. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत इतकी शांतता असायची की पाइपातून उतरणारा थेंबसुद्धा ऐकू यायचा. ताई समोरच्या पायरीवर बसली.

"माफी मागायला आलीस?"

"गुपित ठेवल्याची नाही. तो माझा भाऊ आहे, त्याने शब्द मागितला, मी दिला. पुन्हा मागितला तरी देईन बहुतेक." तिने हात एकमेकांत गुंतवले. "पण तू फोनवर बोलत असायचास आणि मी समोर बसून घड्या घालायचे, त्याची मागते. ते वाईट होतं. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज मूग गिळून बसायचे."

तो पाइपातून पडलेला थेंब बुटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "मला राग कशाचा आलाय सांगू? तो ऐकू येत नसताना वाजवत होता. माझ्या पुढे दहा फुटांवर. आणि मला कळलं नाही. मी कसला ड्रमर!"

"तुला कसं कळणार?"

"कळायला हवं होतं. तो शेवटच्या दौऱ्यात सारखा मागे वळून बघायचा. मला वाटायचं, मजेत आहे. तो माझे हात बघत होता गं. ऐकू येत नव्हतं म्हणून बघत होता."

ताईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने काढला नाही.

"आता एक खरं तूपण सांग," तो म्हणाला. "पाच महिन्यांची भरपाई म्हणून. काहीही."

तिने विचार केला. "मला भट्टीचं एकही गाणं आवडत नाही. पंधरा वर्षं कानात कापूस घालून येते."

हातोडा तिच्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला की थंड बॉयलरचा पत्रा झणझणला. "कापूस दिसतो तुझा! पहिल्या रांगेत बसतेस, केस वर बांधून! सगळ्या बँडला माहीत आहे!" हसता हसता त्याचे डोळे भरले आणि ते त्याने शर्टाच्या बाहीला पुसले. "चल. राहिलेलं ऐकू."

वर सगळे होते तसेच बसले होते. आत्याने धाकट्याच्या हातात अभ्रे दिले होते आणि तो मुकाट्याने घड्या घालत होता. हातोडा पूर्वीच्याच जागी बसला. "लाव चौथा," तो म्हणाला.

चौथा गेला. ऊन आणखी खाली आलं आणि चादरींचा पांढरा रंग पिवळसर झाला. पाचवा तुकडा सुरू झाला तो एका छोट्या सुरावटीने, जी फिरून फिरून परत येत होती. तिसऱ्या फेरीला ती वर चढली, चढली, आणि कड्यावर येऊन थांबली. काहीच वाजेना. चेलोही नाही. फक्त श्वास, दोन लहान आणि एक मोठा. ताईला वाटलं, बिघडलं काहीतरी. मग गिटार पुन्हा सुरू झाली, पण एकटीच, थोडी अडखळत.

"थांबव," हातोडा म्हणाला. "ही काय चूक आहे? वर आलास आणि ताल सोडलास. चार मात्रा गायब."

"चूकच आहे," धाकटा म्हणाला. "वाजवताना मी तिथे थांबलो. तू आत येशील म्हणून." त्याने हातातला अभ्रा खाली ठेवला. अहोजाहो कधी गळून पडलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "सवयीने रे. वर पोचलो की तू येतोसच. मी चार मात्रा वाट बघितली. मग लक्षात आलं की खोलीत कुणीच नाहीये. पुन्हा रेकॉर्ड करणार होतो. नाही केलं."

हातोड्याने काठ्या उचलल्या आणि त्यांची टोकं बघत बसला.  आईने पदर डोळ्यांना लावला आणि ऊन लागतंय असं म्हणाली.

"राहू दे ती जागा तशीच," हातोडा शेवटी म्हणाला. "आता माझं ऐक. हे चांगलं आहे. तू हे कर, खूप कर. पण मी नाही थांबणार. तुला भट्टी सोडायचीये, मला नाही. मला तो मोठा आवाज आवडतो. छाती हलली नाही तर मला जेवण जात नाही. चौदा गावांना मी दुसरा गिटारवाला घेऊन जाणार."

धाकट्याने मान हलवली, पण त्याचा चेहरा उतरला. सोडून जाणारा आपण, अशी तयारी करून तो आला होता. आपल्या जागी कुणी उभं राहील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझे तुकडे वाजवणार तो?" त्याने विचारलं.

"मग काय माझे वाजवेल? आणि तूच शिकवायचेस त्याला. हळू आवाजात, कान सांभाळून."

"आणि नाही शिकवले तर?"

"तर तो चुकीचे वाजवेल," हातोडा म्हणाला. "चौदा गावांत."

आत्या खुदकन हसली. धाकट्याला हसायचं नव्हतं, पण तोही हसला, कसंबसं.

त्याने शिकवले. तीन आठवडे, रोज सकाळी, अँप्लिफायर न लावता. नवी गिटारवाली एक पोरगी होती, दंत तंत्रज्ञ, दिवसा कवळ्या बनवायची आणि बोटांना उसंत नव्हती. पहिले दोन दिवस धाकटा तिच्याशी तुसडेपणाने वागला. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्याच एका तुकड्यात त्याला न सुचलेला एक फाटा काढून दाखवला. त्या संध्याकाळी तो ताईकडे आला आणि म्हणाला, "चांगली आहे कार्टी. फार चांगली आहे." आणि ताट पुढे ओढून जेवायला बसला.

'वाफ' त्याच महिन्यात बाहेर आला. भट्टीच्या चाहत्यांपैकी काहींनी शिव्या घातल्या, काहींनी लिहिलं की आम्हाला आता झोप लागते. आत्या तो काउंटरवर लावून ठेवायची, आणि कपडे घ्यायला आलेली माणसं कपडे घेतल्यावरही थोडी रेंगाळायची.

दौऱ्याआधीची शेवटची तालीम होती त्या दुपारी धाकटा ताईबरोबर गेला. आत जायला त्याला मनाई होती. ती त्याने स्वतःच स्वतःवर घातली होती. तालमीची जागा म्हणजे जुना कागदाचा कारखाना, दीड हात जाड भिंतींचा. दोघं मागच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसले. समोर मोकळं मैदान होतं. त्यात गुडघाभर गवत वाढलेलं होतं आणि वारा त्यावरून इकडून तिकडे फिरत होता. ताईने सवयीने पर्समधला कापूस काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

आत सुरू झालं. भिंतीतून गिटार येत नव्हती, गाणाऱ्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो फक्त ड्रम. खोल, गोल, एकेक ठोका वेगळा, विटांमधून पाठीत आणि पाठीतून छातीत. धाकट्याने डोकं मागे टेकवलं. त्याने डावी बाजू भिंतीला लावली, मग उजवी. उजवी तशीच ठेवून तो बराच वेळ बसला.

"ऐकू येतंय?" ताईने विचारलं.

"सगळं येतंय गं. बारीक गेलं, हे नाही गेलं." तो थांबला. "पंधरा वर्षं माझा आवाज इतका मोठा होता, की हा काय वाजवतो ते मी कधी ऐकलंच नव्हतं."

ताईनेही डोकं मागे भिंतीला टेकवलं. आतला ठोका एकदा चढला, कड्याशी आला, आणि बरोबर जागेवर पडला.